टॅफी, ओढीव

साखरेचा दाट पाक घट्ट गोळीच्या अवस्थेपर्यंत आटवून, तो निवत असताना हातांनी पुनःपुन्हा ताणून व दुमडून तयार केलेली मऊ, चिवट मिठाई. साखर, लोणी आणि मीठ हे तिचे जिन्नस इतर अनेक मिठायांतही आढळत असल्यामुळे तिचे वैशिष्ट्य घटकांत नसून ताणण्याच्या क्रियेत आहे, आणि तिच्या कृतीतील प्रत्येक दंडक हा पाक ताणण्याजोगा राहावा याच एका हेतूने घातलेला आहे.

इतिहास व रिवाज : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टॅफी ओढण्याचे मेळावे ही हिवाळी करमणुकीची एक सर्वमान्य रीत होती. तप्त गोळ्याचे भाग करून जोडीजोडीने ओढण्याच्या या कामात तरुण-तरुणींना वडीलधाऱ्यांच्या देखत एकत्र येण्याची मुभा मिळे, आणि श्रम व उत्सव यांचा असा मेळ बसे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात संत कॅथरीनच्या सणाला, म्हणजे 25 नोव्हेंबर रोजी, काकवीसारख्या काळसर मोलॅसिसची टॅफी करण्याची चाल असून, 1658 मध्ये माँट्रियल येथे पहिली शाळा उघडणाऱ्या मार्गरीत बुर्जवा या धर्मभगिनीकडे परंपरा तिचे जनकत्व देते. न्यू जर्सीमधील अटलांटिक सिटी येथे 1880 नंतरच्या दशकात ‘खाऱ्या पाण्याची टॅफी’ प्रसिद्धीस आली. जोसेफ फ्रालिंजर यांनी ती पेट्यांत भरून प्रवाशांना विकण्याचा प्रघात पाडला. नावात खारे पाणी असले, तरी समुद्राचे पाणी तीत घालीत नाहीत.

घटक : घरगुती प्रमाण साधारणतः असे : साखर 400 ग्रॅ., कॉर्न सिरप 240 मिलि., पाणी 180 मिलि., लोणी 30 ग्रॅ. आणि मीठ 1 छोटा चमचा. केवळ साखरेचा पाक निवताना त्यात पुन्हा कण धरतात व गोळा भुसभुशीत होऊन तुटतो. कॉर्न सिरपमधील ग्लुकोज व इतर शर्करा सुक्रोजच्या रेणूंना परस्परांशी रचनाबद्ध होऊ देत नाहीत. कॉर्न सिरप घरोघरी पोचण्यापूर्वी हेच कार्य व्हिनेगर करी, कारण आम्लाच्या सान्निध्यात उकळलेल्या सुक्रोजच्या काही अंशाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते. मोलॅसिसच्या टॅफीत अखेरीस चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात; मोलॅसिसमधील आम्लाशी त्याचा संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो व गोळा हलका होतो.

कृती : जाड बुडाच्या पातेल्यात साखर, सिरप व पाणी मंद आचेवर ठेवून साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे. उकळी फुटल्यावर ढवळणे बंद करून, कडेला चिकटलेले कण ओल्या कुंचल्याने पुसून घ्यावेत, कारण असा एखादा कणही साऱ्या पाकात साखर धरण्यास पुरेसा होतो. पाकाचे तापमान 121 ते 130 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले म्हणजे त्यात सुमारे 92 टक्के शर्करा उरते. तापमापक नसल्यास गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट, दाबली असता सहज न चेपणारी गोळी ही खूण प्रमाण मानावी. उंच प्रदेशात पाणी कमी तापमानास उकळत असल्यामुळे दर 300 मीटर उंचीमागे सुमारे 1 अंश वजा करणे इष्ट ठरते. लोणी व मीठ मिसळून पाक तूप वा लोणी लावलेल्या परातीत ओतावा, मात्र पातेले खरवडू नये. कडा मध्यापेक्षा लवकर निवतात, म्हणून त्या उलथन्याने आत दुमडीत राहावे आणि उष्णतेने उडून जाणारे पुदिना, लिंबू इत्यादींचे अर्क या वेळी घालावेत. हा पाक उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असून त्वचेला चिकटून राहतो. यास्तव तो हातांना सोसेल इतका निवेपर्यंत मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

ओढण्याचे कार्य : हातांना लोणी लावून गोळा हातभर लांब ताणावा, दुमडून पुन्हा ताणावा, आणि हा क्रम 10 ते 20 मिनिटे चालू ठेवावा. प्रत्येक घडीबरोबर थर दुप्पट होत जातात, म्हणजे दहाव्या घडीस त्यांची संख्या 1,024 होते, आणि त्या थरांत कोंडलेल्या हवेचे सूक्ष्म बुडबुडे प्रकाश विखुरतात. म्हणून पारदर्शक पाक रंगद्रव्याशिवायच रेशमी तकाकीचा पांढुरका होतो व दातांना कठीण लागत नाही. ताणण्यास जोर लागू लागला की गोळ्याची दोरी वळून, लोणी लावलेल्या कात्रीने तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा मेणकागदात गुंडाळावा. साखर हवेतील बाष्प शोषून घेत असल्याने दमट दिवशी टॅफी पाझरते, आणि हिवाळ्यातील कोरडी हवा तिला मानवते.

यांत्रिक रूप : हातांची ही चाल यंत्रात उतरविण्याच्या हक्कावरून हिल्ड्रेथ विरुद्ध मास्टोरस हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1921 मध्ये न्यायालयाने डिकिन्सन या संशोधकाच्या पाक ओढण्याच्या यंत्राचे पेटंट कायम ठेवले. मुख्य न्यायाधीश टॅफ्ट यांनी लिहिलेल्या निकालामुळे पाक ओढणे ही क्रिया कायद्याच्या दप्तरातही नोंदली गेली.

सजातीय प्रकार : भारतातील रेवडी हीच क्रिया निराळ्या साधनाने सिद्ध करते. लखनऊ, रोहतक, मेरठ इत्यादी ठिकाणचे कारागीर गुळाचा वा साखरेचा पाक भिंतीतील खुंटीवर टाकून ओढतात, आणि तो फिकट झाल्यावर त्याचे तुकडे तिळांत घोळवितात. महाराष्ट्रातील जत्रांतून मिळणारी रेवडी याच कुळातील आहे. टॅफीचा पाक घट्ट गोळीच्या अवस्थेत थांबवितात, तर रेवडीचा अधिक आटवून कुरकुरीत करतात. परंतु ताणण्याच्या श्रमानेच साखरेला नवा रंग व नवा पोत प्राप्त होतो, हे तत्त्व दोहोंस समान आहे. ज्याला घरी या दोहोंपैकी एक साधली, त्याला दुसरी शिकण्यास पाकाची खूण तेवढी बदलावी लागते.