गायरानावर नांगर म्हणजे अतिक्रमण, मग जीपची चाके म्हणजे काय?

सार्वजनिक जमीन कोणाची, हा प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वी विचारला. आज तोच प्रश्न नव्या रूपात आला आहे. शहरातल्या चार चाकांवर दणदणणाऱ्या गाड्या सुट्टीच्या दिवशी रस्ता सोडून माळात आणि जंगलात शिरतात, आणि त्याला 'पर्यटन' म्हणतात. भूमिहीनाने त्याच सरकारी पडीक जमिनीत ज्वारी पेरली की तो अतिक्रमणदार. अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासातून हा दुटप्पीपणा आम्हाला मांडायचा आहे.

आधी इतिहास पाहू. बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५३ च्या सुमारास, नगरला लागून असलेल्या मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्याखाली पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. पुढे १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभारला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला आणि लोकांनी तुरुंग भरले. मागणी साधी होती: गावाच्या मालकीत ज्याला वाटाच मिळाला नाही, त्याला पडीक जमीन कसायला द्या. त्या लढ्याच्या रेट्याचे फळ म्हणजे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट त्याने उघडली. ही तारीख कोणाच्या जयंतीची आहे, हे वाचकांना सांगायला नको.

मग २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला: सामूहिक जमिनींवरची अतिक्रमणे काढा. पण त्याच निकालात अनुसूचित जाती-जमाती आणि भूमिहीन मजुरांना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवलेला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत हटवण्याचे निर्देश दिले, तेव्हा गावोगाव नोटिसा झोपड्यांच्या दारावर लागल्या. अपवाद मात्र फार थोड्या अधिकाऱ्यांना आठवला.

आता माळाकडे या. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कर्जत, श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीही त्यात आल्या, व्यवहारांवर बंधने आली. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पण माळढोक वाचला का? तो आज जवळपास दिसेनासा झाला आहे. कर्जत तालुक्यातच १९८० मध्ये काळविटांसाठी झालेले रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. काळवीट त्या हद्दीबाहेरही चरतात, म्हणजे आसपासचा माळही त्यांचाच.

या माळावर गाडी काय करते? माळढोक, टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. काळविटाचे पाडस गवतात दडून बसते. चालकाला यातले काहीच दिसत नाही. कोरड्या मातीवरून चाक गेले की ती दबते, पाणी मुरत नाही, गवत उगवत नाही. पहिली चाकोरी खोल झाली की दुसरी गाडी बाजूने जाते आणि माळ रुंदीने मरतो. शेळीला दोष देणारी सरकारी भाषा चाकाबद्दल इतकी मवाळ का?

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, हीच गोष्ट रात्री घडते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ चे. महादेव कोळी आणि ठाकर समाज इथे त्याआधीपासून आहेत. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचा उजेड ही नर-मादीची एकमेकांना खूण असते. हेडलाइटच्या झोतात ती खूणच पुसली जाते, आणि गवतावर उतरलेले काजवे चाकाखाली जातात.

'मग बंदी घाला' असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणत नाही. तंबू, जेवण आणि वाट दाखवणे यावर अनेक आदिवासी घरे चालतात. सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांनाच बसेल. आमची मागणी नियमनाची आहे. वाहने गावाबाहेर थांबवा, पुढची वाट स्थानिक वाटाड्यासोबत पायी. वाहनतळाचे शुल्क ग्रामसभेकडे जमा करा. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतोच. शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिर्सुफळला वनखात्याने ठरलेल्या वाटांची, स्थानिक वाटाड्यांसह गवताळ सफारी सुरू केली. नगरच्या माळावर हे का नको? आणि ते झाले, तर माळाचा कण न् कण ओळखणाऱ्या पारधी तरुणाला त्यात पहिले काम मिळाले पाहिजे. ज्या समाजावर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याचे ज्ञान हीच माळाची खरी राखण आहे.

मित्रहो, आपल्या तालुक्यातील गायरानाचा सातबारा काढा. १९९१ च्या निर्णयाचे किती दावे पडून आहेत, ते माहिती अधिकारात विचारा. आणि त्याच अर्जात आणखी एक प्रश्न जोडा: सार्वजनिक जमिनीत रस्ता सोडून घुसलेल्या किती वाहनांवर कारवाई झाली? दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की कायद्याचे माप कोणासाठी किती लांबीचे आहे, ते गावाला दिसेल. जय भीम!