टॅकोमीटर (लहान पिस्टन विमानांतील)
इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारे उपकरण. प्रॉपेलरचा कोन स्थिर असलेल्या विमानात वैमानिक शक्ती ठरवतो ती याच्याच काट्यावरून. म्हणून निवडताना तबकडीच्या देखणेपणापेक्षा अचूकता पाहावी. यांत्रिक प्रकारात केबलने फिरणारे चुंबक धातूची वाटी स्प्रिंगच्या विरुद्ध ओढते. चुंबक क्षीण झाले, की काटा कमी दाखवू लागतो. शंभर फेऱ्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण प्रॉपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. काटा २६०० वर आणि प्रत्यक्षात फेरे २७००, तर शक्ती सुमारे १२ टक्के जास्त. कानाला हा फरक सहसा कळत नाही. प्रकाशीय टॅकोमीटर कॉकपिटच्या काचेतून प्रॉपेलरवर रोखून ताळा घ्यावा. पात्यांची संख्या मात्र त्यात आधी भरावी, कारण दोन पाती एका फेऱ्यात दोन स्पंद देतात.