पहिल्या खुर्चीचे मानकरी : लुसर्नच्या ग्रीष्मोत्सवातील वाद्यवृंद

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका हाती आली की वेष्टनावर संचालकाचे नाव ठळक दिसते, त्याखाली वाद्यवृंदाचे नाव असते, आणि ज्यांनी प्रत्यक्ष वाजवले त्या शंभर माणसांचा बहुधा कोठेच उल्लेख नसतो. आपल्याकडे ख्यालगायकाबरोबर तबल्याला कोण आणि हार्मोनियमला कोण, याची चौकशी जाणकार श्रोता आधी करतो. पश्चिमेकडील रसिकालाही अशी चौकशी करावीशी वाटावी, असा एक वाद्यवृंद स्वित्झर्लंडमधील लुसर्न या सरोवरकाठच्या गावी दर उन्हाळ्यात जमतो. त्याची कथा ही मुख्यतः पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या वादकांची कथा आहे.

ही पहिली खुर्ची म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन, व्हायोला, चेलो व डबल बेस या तंतुवाद्यांचे पाच ताफे असतात. पहिल्या व्हायोलिनच्या ताफ्यात सोळा, दुसऱ्यात चौदा, अशी उतरती संख्या ठेवण्याचा प्रघात आहे. प्रत्येक ताफ्याचा एक मुख्य वादक असतो. गज कोठे वर न्यायचा आणि कोठे खाली आणायचा, कोणता स्वर तारेच्या कोणत्या भागावर घ्यायचा, हे तो ठरवतो आणि मागचे सारे त्याप्रमाणे वाजवतात. पहिल्या व्हायोलिनचा मुख्य तो साऱ्या वाद्यवृंदाचा अग्रणी. फुंकवाद्यांची गोष्ट निराळी. तेथे बासरी, ओबो, क्लॅरिनेट यांच्या प्रत्येक भागाला सामान्यतः एकच वादक असतो. त्यामुळे मुख्य ओबोवादकाचा श्वास चुकला तर तो झाकायला शेजारी कोणी नसते. वाद्ये जुळवताना सारे जण स्वर घेतात तोही ओबोकडूनच. संचालकाच्या हातातील काठीतून आवाज निघत नाही. आवाज निघतो तो या खुर्च्यांतून.

जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातील संगीतिकागृहे व बरेचसे वाद्यवृंद सुटीवर जातात. ठिकठिकाणचे नामवंत वादक याच काळात मोकळे असतात, आणि ग्रीष्मोत्सवांचे वाद्यवृंद त्यांच्यातूनच उभे राहतात. वाग्नरने 1876 साली जर्मनीत बायरॉइट येथे आपल्या संगीतिकांचा उत्सव सुरू केला, त्या उत्सवाचा वाद्यवृंदही आजतागायत असाच गावोगावच्या वादकांतून जमवला जातो. लुसर्नचे निराळेपण असे, की तेथे पहिल्यांदा वादक जमले तेव्हा त्यामागे उन्हाळी सुटीपेक्षा फार गंभीर कारण होते.

7 एप्रिल 1933 च्या कायद्याने नाझी राजवटीने सरकारी सेवेतील ज्यूंना काढून टाकण्यास आरंभ केला. जर्मनीतील बहुतेक मोठे वाद्यवृंद सरकारी किंवा नगरपालिकांचे असल्याने त्यांच्या खुर्च्याही रिकाम्या होऊ लागल्या. पाच वर्षांनी, मार्च 1938 मध्ये, ऑस्ट्रिया गिळंकृत झाला आणि तीच पाळी व्हिएन्नावर आली. आर्नोल्ड रोझे हे तेथे 1881 पासून, म्हणजे सत्तावन्न वर्षे, अग्रणी व्हायोलिनवादक होते. संगीतकार गुस्टाव्ह माहलर यांचे ते मेहुणे. ब्राम्स, माहलर, रिचर्ड श्ट्राउस यांच्या रचना ज्याच्या व्हायोलिनमधून व्हिएन्नाने ऐकल्या, त्या पंचाहत्तरीतल्या वृद्धाला ज्यू म्हणून घालवून देण्यात आले. ते लंडनला गेले आणि 1946 साली तेथेच वारले. त्यांची कन्या आल्मा हीसुद्धा व्हायोलिनवादक होती. आउश्विट्झच्या छळछावणीत कैदी स्त्रियांचा वाद्यवृंद चालवण्याचे काम तिच्यावर आले आणि 1944 साली तिथेच तिचा अंत झाला. एक खुर्ची रिकामी करणे या शब्दांत केवढे मावते, ते या एका घरावरून कळावे.

इटलीचे आर्तुरो तोस्कानिनी त्या वेळी जगातील सर्वांत मान्यवर संचालक होते. 1933 साली त्यांनी बायरॉइटचे निमंत्रण नाकारले, आणि 1938 च्या आरंभी ऑस्ट्रियाचे धोरण हिटलरपुढे झुकताना दिसताच साल्झबुर्कच्या उत्सवाकडेही पाठ फिरवली. जर्मन भाषेच्या प्रदेशात स्वतंत्रपणे वाजवता येईल अशी जागा उरली ती स्वित्झर्लंडमध्ये. लुसर्नच्या कडेला ट्रिबशेन येथे वाग्नरचे एकेकाळचे घर आहे. 25 ऑगस्ट 1938 रोजी त्या घराच्या बागेत तोस्कानिनींनी मैफल केली, आणि लुसर्नच्या उत्सवाचा जन्म या मैफलीपासून मोजतात.

जागेची निवड अर्थपूर्ण होती. याच घराच्या जिन्यावर 25 डिसेंबर 1870 रोजी सकाळी पत्नी कोझिमाच्या वाढदिवसानिमित्त वाग्नरने ‘सीगफ्रीड इडिल’ ही रचना पहिल्यांदा वाजवून घेतली होती. सुमारे पंधरा वादक पायऱ्यांवर दाटीने उभे होते. रचनेत ट्रंपेटचा अगदी थोडका भाग आहे. तो वाजवण्यासाठी हान्स रिश्टर हा तरुण मुद्दाम ट्रंपेट शिकला. सहा वर्षांनी बायरॉइटच्या पहिल्या उत्सवाचे संचालन याच रिश्टरने केले. ज्या वाग्नरच्या ज्यूद्वेषी लेखनाचा नाझींना अभिमान होता, त्याचीच ही कोवळी रचना तोस्कानिनींनी नाझींशी वैर पत्करून त्याच्याच अंगणात वाजवली. वाग्नर हिटलरच्या मालकीचा नाही, हे सांगण्यासाठी त्यांना भाषण करावे लागले नाही. मोझार्टची ‘जी मायनर’ आणि बेथोव्हनची दुसरी सिंफनीही त्या कार्यक्रमात होती.

या वाद्यवृंदाचे अंग बरेचसे स्विस वादकांचे होते, पण पहिल्या खुर्च्यांवर बुश चतुष्टयाचे वादक बसले. आडोल्फ बुश हे अग्रणी, आणि त्यांचे बंधू हर्मन बुश चेलोवर. व्हायोलावरचे कार्ल डॉक्टर मूळचे व्हिएन्नाचे, तर व्हायोलिनवादक ग्योस्टा आंद्रेआसन स्वीडनचे. आडोल्फ बुश हे ज्यू नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. जर्मनीत त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता. उलट त्यांना डोक्यावर घेतले गेले असते. तरीही 1 एप्रिल 1933 रोजी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, तो पाहून त्यांनी आपल्या मातृभूमीत वाजवणे थांबवले. त्यांचा पियानोवादक जामात रुडॉल्फ सेर्किन हा ज्यू होता, हे खरे. पण नातेसंबंध असूनही मूग गिळून बसलेल्यांची संख्या त्या काळात थोडी नव्हती. ज्यांना जावेच लागले त्यांचे दुःख मोठे; परंतु ज्याला राहता येत होते आणि तरी जो उठला, त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. एकल वादक म्हणून युरोपात गाजलेला हा माणूस लुसर्नला शंभरांतला एक होऊन बसला. तोस्कानिनी स्वतः 1887 साली मिलानमध्ये व्हर्दीच्या ‘ऑथेल्लो’च्या पहिल्या प्रयोगात चेलोच्या ताफ्यात वाजवत होते, तेव्हा या खुर्चीची किंमत त्यांना वेगळी सांगायला नको होती.

दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. बुश 1939 मध्ये अमेरिकेला गेले. व्हर्मांट राज्यात मार्लबरो येथे सेर्किन व इतरांसह त्यांनी 1951 साली आणखी एक ग्रीष्मोत्सव उभा केला, जेथे बुजुर्ग आणि विद्यार्थी एकत्र वाजवतात. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. लुसर्नमध्ये 1943 साली स्विस वाद्यवृंदांतील वादक निवडून स्थायी उत्सववृंद स्थापन झाला व तो 1993 पर्यंत चालला. या पन्नास वर्षांतील एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. नाझी काळात जर्मनीतच राहिलेले संचालक फुर्टव्हेंगलर 1947 साली लुसर्नला आले, आणि बेथोव्हनच्या व्हायोलिन कन्चेर्तोसाठी त्यांच्याशेजारी उभे राहिले ते यहुदी मेन्युहिन, ज्यू आणि बालवयात बुश यांच्याकडे शिकलेले. या मैत्रीबद्दल मेन्युहिन यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. गुरूने उठून जाणे आणि शिष्याने परत हात पुढे करणे, दोन्ही घडले ते त्याच गावी.

वृंद विसर्जित झाल्यावर दहा वर्षे लुसर्न पाहुण्या वाद्यवृंदांवर भागवत होते. मध्यंतरी 1998 मध्ये जाँ नूव्हेल या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने सरोवराच्या काठी नवे सभागृह बांधले. 2003 च्या ऑगस्टमध्ये क्लाउडिओ अबाडो यांनी जुने नाव धारण करणारा नवा वृंद तेथे उभा केला.

अबाडो मिलानचे, जन्म 1933 चा. लहानपणी त्यांनी तोस्कानिनींच्या तालमी पाहिल्या होत्या आणि वादकांवर ओरडण्याची ती रीत त्यांना मुळीच रुचली नव्हती. तरुणपणी व्हिएन्नात हान्स स्वारोव्हस्की यांच्याकडे ते शिकत असताना मुंबईचा एक विद्यार्थी त्यांच्याबरोबर होता, झुबिन मेहता. तालमी पाहायला परवानगी नाही, म्हणून दोघे चक्क समूहगानाच्या मंडळात गायक म्हणून शिरले आणि तेथून थोर संचालकांची कामे न्याहाळू लागले! झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 साली बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला, आणि त्यात गोमंतकीय वादकांचा भरणा होता. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या मुलांनी ती आयुष्यभर उपयोगी आणली. तेव्हा हा विषय आपल्या अंगणापासून वाटतो तितका दूर नाही.

बर्लिनच्या फिल्हार्मोनिक वृंदाचे प्रमुखपद 2002 मध्ये सोडण्यापूर्वीच अबाडो पोटाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठले होते. लुसर्नला त्यांनी हुकमाने वादक नेमले नाहीत, आमंत्रणाने जमवले. वृंदाचा गाभा होता 1997 साली स्थापन झालेला माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा, आणि त्याच्या पुढे नामवंत मंडळी. अग्रणी होते कोल्या ब्लाखर, पूर्वी बर्लिनमध्ये याच पदावर असलेले. व्हायोलावर वोल्फ्राम क्रिस्ट, तेही बर्लिनचे जुने मुख्य वादक. ट्रंपेटवर राइनहोल्ड फ्रीड्रिश. चेलोच्या ताफ्यात नतालिया गुटमन बसल्या. रोस्त्रोपोविच यांच्या या शिष्येला एरवी मंचाच्या मध्यभागी एकटीने वाजवताना लोक ऐकत. हागेन चतुष्टयाचे वादकही होते. म्हणजे बुश यांचाच कित्ता पासष्ट वर्षांनी पुन्हा गिरवला गेला. योगायोग असा, की बुश यांचे जामात सेर्किन यांनी उतारवयात मोझार्टचे पियानो कन्चेर्तो अबाडोंच्याच साथीने ध्वनिमुद्रित केले होते.

या मंडळीत क्लॅरिनेटवादक साबिने मायर यांचे असणे विशेष बोलके होते. 1982 साली कारायान यांनी त्यांना बर्लिन फिल्हार्मोनिकमध्ये मुख्य क्लॅरिनेटवादक म्हणून घेण्याचा आग्रह धरला. वृंदाने मतदान केले; विरुद्ध 73, बाजूने 4. त्यांचा नाद इतरांच्या नादात मिसळत नाही, असे कारण देण्यात आले. शंभर वर्षे केवळ पुरुषांच्या असलेल्या त्या वृंदात पहिली स्त्री त्याच वर्षी आली होती, हे लक्षात घेता कारण तेवढेच होते का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. 1984 मध्ये मायर बाहेर पडल्या आणि एकल वादक म्हणून कीर्तीला पोचल्या. ज्यांचा नाद मिसळत नाही असे म्हटले गेले, त्याच मायर लुसर्नला बर्लिनमधून आलेल्या वादकांच्या जोडीने बसून माहलर वाजवू लागल्या. आणि नाद उत्तम मिसळत होता. ध्वनिचित्रमुद्रणे साक्षीला आहेत.

आरंभ झाला तो दब्युसीच्या ‘ला मेर’ने आणि माहलरच्या दुसऱ्या सिंफनीने. पुढे 2010 पर्यंत आठवी वगळून माहलरच्या साऱ्या सिंफनी झाल्या. तालमीत अबाडो फार थोडे बोलत. ‘ऐका’ हाच त्यांचा मुख्य आदेश. एकमेकांचे ऐका, म्हणजे मला सांगावे लागणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ज्याला ‘साथ’ म्हणतात ते एका जोडीत साधणेही कठीण. येथे ते शंभरांत साधायचे होते. मागच्या बाकावरच्या व्हायोलिनवादकाने मान वर करून पलीकडच्या ओबोकडे पाहावे आणि आपला गज हलका करावा, हे दृश्य त्या चित्रफितींत वारंवार दिसते. 2010 च्या ऑगस्टमध्ये नववी सिंफनी संपली तेव्हा सभागृहातील दिवे मंद होत गेले, अखेरचा स्वर विरला, आणि दीडदोन मिनिटे कोणी टाळी वाजवली नाही.

आठव्या सिंफनीची घोषणा 2012 साठी झाली होती, पण तिच्याऐवजी मोझार्टचे ‘रेक्विएम’ वाजले. 26 ऑगस्ट 2013 रोजी अबाडोंनी लुसर्नला शेवटची मैफल केली. त्या दिवशीच्या दोन्ही रचना, शूबर्टची आठवी आणि ब्रुकनरची नववी, त्यांच्या कर्त्यांनी अपुऱ्या ठेवलेल्या. 20 जानेवारी 2014 रोजी अबाडो वारले.

2016 च्या उन्हाळ्यात रिकार्दो शायी यांनी सूत्रे हाती घेतली आणि पहिल्याच मैफलीत राहून गेलेली आठवी सिंफनी पुरी केली. परंतु त्याआधीची, 6 एप्रिल 2014 ची स्मृतिसभा या वृंदाचे स्वरूप अधिक स्पष्ट करते. त्या दिवशी आंद्रिस नेल्सन्स यांच्या संचालनाखाली अल्बान बेर्कचा व्हायोलिन कन्चेर्तो आणि माहलरच्या तिसऱ्या सिंफनीचा अखेरचा भाग झाला. आरंभ मात्र शूबर्टच्या त्याच अपुऱ्या सिंफनीच्या पहिल्या भागाने झाला, आणि तेव्हा संचालकाचा चौथरा रिकामा ठेवला होता. ताफ्यांच्या मुख्य वादकांनी एकमेकांकडे पाहिले, श्वास घेतला, आणि चेलो व डबल बेस यांनी तो खालचा, अंधारा स्वर लावला.