मुंबईचा रक्तगट आणि मेंडेलचे वाटाणे

आपल्या भागात सोयरीक जुळविताना गोत्र पाहतात, पत्रिका पाहतात, घरची शेतीवाडी पाहतात. रक्त पाहण्याची चाल मात्र नाही. ती असावी की नसावी, याचा विचार करण्यापूर्वी सत्तर वर्षांमागे मुंबईत लागलेल्या एका शोधाची हकीकत वाचकांसमोर ठेवतो.

साल १९५२. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. मुंबईत दोन जखमी माणसांना रक्ताची तातडीची गरज निर्माण झाली. एकाला रेल्वेचा अपघात झाला होता, दुसऱ्याला भोसकले होते. तपासणीत दोघांचे रक्त 'ओ' गटाचे दिसले. मग 'ओ' गटाचे रक्त जुळायला हवे. पण ते मिसळताच गुठळ्या झाल्या. 'ए', 'बी', 'एबी' कोणतेच रक्त जुळेना. दीडशेहून अधिक रक्तदाते तपासल्यावर मुंबईतीलच एका रहिवाशाचे रक्त जुळले. त्याचे रक्तही याच विलक्षण जातीचे होते.

परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया आणि लंडनच्या लिस्टर संस्थेतील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स या संशोधकांनी मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध केला. पुढे जगाने त्या रक्ताला 'बॉम्बे रक्तगट' असेच नाव दिले. शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र जुनेच राहिले.

हे रक्त आले कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्रनो येथील मठात जावे लागते. तेथे ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यांवर प्रयोग केले. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. परंतु त्याच रोपांची पुढची पिढी घेतली, तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. नाहीसा झालेला गुण परत आला होता.

मेंडेलने काढलेला निष्कर्ष आजच्या भाषेत असा : प्रत्येक गुणासाठी जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन प्रती वेगळ्या असल्या तर जिचा गुण दिसतो ती प्रभावी, जिचा दिसत नाही ती अप्रभावी. येथे शब्दांनी फसू नये. प्रभावी म्हणजे श्रेष्ठ नव्हे आणि अप्रभावी म्हणजे दुबळी किंवा नष्ट झालेली नव्हे. अप्रभावी प्रत पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने चालत राहते आणि जोडीदार प्रत भेटली की प्रकट होते.

मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० सालापर्यंत दुर्लक्षित राहिला. नंतर लवकरच तो माणसाला लागू झाला. १९०२ साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरांनी लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मिळ विकाराचा अभ्यास मांडला. रोगी मुलांचे आईबाप स्वतः निरोगी होते; मात्र त्यांपैकी बरीच जोडपी एकमेकांची सख्खी चुलत, मामे किंवा मावस भावंडे होती. हा अप्रभावी वारसा होता. उलट १९०५ साली अमेरिकेत फॅराबी यांनी आखूड बोटांच्या एका कुटुंबाची वंशावळ मांडली. तेथे हा गुण पिढी न चुकता दिसत होता. हा प्रभावी वारसा. त्यात एकच प्रत पुरते आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. 'ए' आणि 'बी' ही रक्तपेशींवरील खूण 'एच' नावाच्या पदार्थावर चढते. 'एच' ही भिंतीवरची खुंटी समजा, आणि 'ए' व 'बी' या तिच्यावर अडकवायच्या टोप्या. 'ओ' गटात टोपी नसते, पण खुंटी असते. 'बॉम्बे' गटात खुंटीच नसते. म्हणून टोपी तयार असली तरी अडकवायला जागा नाही आणि साध्या तपासणीत ते रक्त 'ओ' दिसते. अशा माणसाच्या रक्तद्रवात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे 'ओ'चे रक्तही त्याला घातक ठरते. खुंटी नसणे हा अप्रभावी गुण आहे. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून तशी प्रत आली तरच तो दिसतो. एरवी ही माणसे आपल्यासारखीच धडधाकट असतात.

यातून एक सामाजिक प्रश्न उभा राहतो. समजा, आई 'ओ' आणि वडील 'ए' आहेत. मूल 'बी' निघाले. पुस्तकी नियमाप्रमाणे हे अशक्य. घरात संशय शिरायला एवढे पुरते. परंतु आई खरोखर 'बॉम्बे' गटाची असेल, तर तिच्याजवळ लपलेली 'बी'ची टोपी मुलाला मिळते, वडिलांकडून खुंटी मिळते आणि मूल रीतसर 'बी' होते. बाईच्या चारित्र्याचा निवाडा रक्तगटाच्या चिठ्ठीवरून करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा, तर युरोपात दहा लाखांत एकाचा मानला जातो. दहा हजारांत एक, म्हणजे ढोबळ हिशेबाने दर पन्नास माणसांत एक जण ही अप्रभावी प्रत नकळत बाळगून असतो. भारतातील बहुतेक 'बॉम्बे' गटवाल्यांत जनुकातील एकच ठरावीक बदल आढळतो. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर पूर्वी भारतातून मजूर गेले. त्यांच्या वंशजांतही तोच बदल सापडला, तर तेथील फ्रेंच वंशाच्या लोकांत वेगळा. एका पूर्वजाची प्रत समुद्र ओलांडूनही टिकली.

आता गोत्राचे पाहू. गोत्र चालते वडिलांकडून, जनुके मात्र निम्मी आईकडून येतात. म्हणून मामाची मुलगी गोत्राने परकी, पण तिचे आजी-आजोबा आणि आपले आजी-आजोबा एकच. आजोबांजवळची लपलेली प्रत दोन्ही वाटांनी खाली येऊन एकाच मुलात भेटू शकते. वरील प्रमाणावर हिशेब केला, तर मामेभावंडांच्या लग्नात हा धोका सुमारे ७ पट आणि मामा-भाचीच्या लग्नात सुमारे १३ पट होतो. दहा हजारांत तेरा हे तसे थोडेच. नात्यात लग्न झालेल्यांनी घाबरून जाऊ नये. पण जमीन घरात राहावी म्हणून केलेल्या सोयरिकीत आणखी काय घरात राहते, हे कळलेले बरे.

'बॉम्बे' गट हा रोग नाही. थॅलॅसेमिया आणि सिकलसेल हे मात्र रोग आहेत, आणि तेही याच अप्रभावी वाटेने येतात. थॅलॅसेमियाची एक प्रत बाळगणारे भारतात शंभरात तीन ते चार असतात. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात रोगी मुलाची शक्यता चारात एक. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतीलच असे नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

अशा घरांत बोल लागतो तो सुनेला. "आमच्या घराण्यात असले काही नव्हते," असे सासू म्हणते. ती खोटे बोलत नसते; तिला दिसलेले नसते इतकेच. थॅलॅसेमिया वा सिकलसेल एकट्या आईकडून येतच नाही. निम्मा वाटा वडिलांच्या घराण्याचा असतो, आणि तोही तितकाच निर्दोष.

थॅलॅसेमिया वा सिकलसेलचे वाहक असल्याचे रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. पत्रिका जुळविण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांनीही ती करून घ्यावी. वाहक असणे हा कलंक नव्हे, आणि त्यावरून कोणी स्थळ नाकारण्याचेही कारण नाही. दोघेही एकाच विकाराचे वाहक असतील तरच डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. आणि कोणाच्या घरी 'ओ' गटाच्या माणसाला 'ओ'चे रक्त जुळत नाही असे कधी आढळले, तर रक्तपेढीला 'बॉम्बे' गट तपासायला सांगावे. तेवढ्या एका वाक्याने जीव वाचू शकतो.