सावकारांवरील बहिष्कार, दख्खनमधील (१८७४-७५)

पुणे व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी गुजर व मारवाडी सावकारांशी व्यवहार तोडण्यासाठी केलेली चळवळ. मे १८७५ मध्ये तिचे पर्यवसान ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उठावात झाले. दंग्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने आधीच्या बहिष्काराकडे दुर्लक्ष झाले. वस्तुतः आर्थिक निर्बंधाचा प्रकार आणि तो टिकण्याचा काळ यांचा संबंध समजून घेण्यास हे उदाहरण उद्‍बोधक आहे. एकाच प्रदेशात, एकाच वर्षात निर्बंधांचे निरनिराळे प्रकार येथे वापरले गेले आणि त्यांपैकी एक तर सावकारांनीच शेतकऱ्यांवर लादलेला होता.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव उतरले; परंतु १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या फेरपाहणीत जमीनमहसूल वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वये साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांची होती. त्यामुळे दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाई. दिवाणी न्यायालये खतामागील व्यवहाराची चौकशी सहसा करीत नसत.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी कालूराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळविला व त्यांचे घर ताब्यात घेऊन पाडण्यास प्रारंभ केला. गावाने सावकारांना वाळीत टाकले. त्यांच्या दुकानातून खरेदी थांबली, त्यांची शेते कसण्यास कोणी तयार होईना. न्हावी, परीट, पाणक्या व घरगडी यांनी काम सोडले. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. इंदापूर तालुक्यातील कळस येथे तर ग्रामस्थांनी समापत्र लिहिले. सावकाराची शेती करणाऱ्यास बलुतेदारांची सेवा मिळू नये व जातीच्या पंगतीत आणि सोयरिकीत त्याला स्थान नसावे, असा त्याचा आशय होता.

यांपैकी सेवा नाकारणे हा निर्बंध गावाला जवळजवळ फुकट पडे. बलुतेदाराचे पोट गावाच्या बलुत्यावर चाले. एका सावकाराची दाढी केली नाही, म्हणून त्याचे फारसे बिघडत नसे. असा निर्बंध दीर्घकाळ चालू शकतो. १९६० च्या दशकारंभी अमेरिकेने क्यूबावर घातलेले व्यापारनिर्बंध पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्यामागेही लादणाऱ्यास बसणारी अल्प झळ हे एक कारण आहेच. मात्र अशा निर्बंधाने फार तर सावकार गाव सोडतो; त्याच्या पेटीतील खत व न्यायालयातील हुकूमनामा तसाच राहतो. सावकाराची जमीन न कसणे हा दुसरा प्रकार. त्यात कुळाचे पीकच बुडत असल्याने त्याचे आयुष्य एका हंगामापुरते असते.

तिसरा प्रकार पतपुरवठा बंद करण्याचा. महसूलवसुलीसाठी प्रथम जंगम मालमत्तेवर टाच आणावी, जमीन नंतर, असे धोरण सरकारने याच सुमारास स्वीकारले. तेव्हा जमीन वाचविण्यासाठी कुळाचा सारा भरण्याचे कारण सावकारास उरले नाही. त्याने हात आखडता घेतला. मृगाच्या तोंडावर बियाणे व पोटापुरते धान्य उधार न मिळणे, ही कोरडवाहू शेतकऱ्याची खरी नड होती. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर कुळांनी असाच बहिष्कार टाकला. इंग्रजीतील त्या अर्थाचा शब्द त्याच्याच नावावरून आला. तेथे प्रसंग सुगीचा होता, मजुरांची गरज बॉयकॉटला होती आणि १ डिसेंबर रोजी त्याने आयर्लंड सोडले. दख्खनमध्ये प्रसंग पेरणीचा होता आणि अडलेला पक्ष बहिष्कार घालणाराच होता.

साहजिकच काही महिन्यांत बहिष्काराची जागा उठावाने घेतली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने व घरे फोडली. लगोलग केडगाव येथे एका सावकाराचे घर जाळण्यात आले. (ही दोन्ही गावे पुणे जिल्ह्यातील, पारनेर तालुक्यातील सुपे व नगरजवळील केडगाव यांच्याशी त्यांची गल्लत करू नये.) अहमदनगर जिल्ह्यात पारनेर व श्रीगोंदे तालुक्यांत प्रामुख्याने आणि नगर व कर्जत तालुक्यांतही दंगे झाले. जमावाची मुख्य मागणी खतांची होती. सावकाराने ती हवाली केली, तर त्याला सहसा इजा होत नसे; नकार दिल्यास मारहाण होई. एकूण ९५१ जणांना अटक झाली.

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९) पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयांस खतामागील हिशेब तपासण्याचा अधिकार दिला व कर्जापायी शेतकऱ्यास होणारी कैद बंद केली. बहिष्काराच्या आवाक्याबाहेर राहिलेले खत अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आले. सावकारांनी यावर काढलेला तोडगा मात्र पुढे बराच काळ चालू राहिला: गहाणाऐवजी ते खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि जमीन परत करण्याचे वचन केवळ तोंडी राहू लागले.