शपथेआधीचा आक्षेप

१५ ऑक्टोबर १९९१ रोजी राष्ट्रपतींनी के. एन. श्रीवास्तव यांच्या नियुक्तिपत्रावर सही केली. मिझोराम सरकारचे विधी सचिव असलेले श्रीवास्तव गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होणार होते. उरली होती फक्त शपथ. तेवढ्यात कुमार पद्म प्रसाद या वकिलाने त्याच उच्च न्यायालयात धाव घेतली आणि श्रीवास्तव या पदाला पात्रच नाहीत, असा आक्षेप घेतला.

राज्यघटनेच्या कलम २१७ नुसार त्यासाठी दहा वर्षांचे न्यायिक पद किंवा उच्च न्यायालयातील दहा वर्षांची वकिली लागते. श्रीवास्तव यांचा दावा न्यायिक पदाचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कुलदीप सिंग, पी. बी. सावंत आणि एन. एम. कासलीवाल यांच्या खंडपीठाने १० मार्च १९९२ रोजी निकाल दिला : सरकारच्या हाताखालची प्रशासकीय पदे न्यायिक पदांत मोडत नाहीत. राष्ट्रपतींच्या सहीनंतरही नियुक्ती रद्द झाली. स्वतंत्र भारतात असे प्रथमच घडत होते. सरन्यायाधीश, मुख्य न्यायमूर्ती, राज्यपाल अशा सगळ्यांशी सल्लामसलत होऊनही ही उणीव निसटली होती. ती पकडली एका वकिलाने.

पण पात्रता कागदावर तपासता येते. पूर्वग्रहाचे काय?

७ फेब्रुवारी २०२३ रोजी हाच प्रश्न पुढे आला. व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयावरील नियुक्तीला तिथल्याच काही वकिलांनी विरोध केला होता. मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांविषयीची गौरी यांची जुनी वक्तव्ये हा आक्षेपाचा मुद्दा होता. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती आणि चेन्नईत शपथविधीची वेळ होत आली होती. खंडपीठावर संजीव खन्ना यांच्यासोबत अमरावतीचे भूषण गवई होते. गौरी यांच्याप्रमाणे आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, हे गवईंनी तिथेच सांगितले. याचिका फेटाळल्या गेल्या. पुढच्या सविस्तर आदेशात आधीच्या निकालांचा आधार घेत न्यायालयाने रेषा अधोरेखित केली : पात्रता न्यायालय तपासेल, योग्यता मात्र नावांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमने ठरवावी.

या रेषेमुळेच आक्षेप घेणाऱ्याची कोंडी होते. अमेरिकेत सिनेटच्या समितीसमोर उमेदवाराला जाहीर प्रश्नांना सामोरे जावे लागते. आपल्याकडे कॉलेजियमची चर्चा बंद दाराआड चालते, नागरिकांचे म्हणणे ऐकण्याची ठरलेली पायरी नाही आणि शपथेच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या याचिकेला उशीर झालेला असतो. निवडीपूर्वीच आक्षेप नोंदवण्याची आणि उमेदवाराला उत्तर देण्याची सोय झाली, तर ती आक्षेपकर्त्याइतकीच उमेदवारालाही न्याय देणारी ठरेल.