भाकरी, कुत्रे आणि कॅल्शियम

छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीबोळांत दारच्या कुत्र्याला ज्वारी-बाजरीची भाकरी टाकली जाते. पोट भरते, पण वाढत्या पिल्लाची हाडे तेवढ्यावर घडतात का? या प्रश्नाच्या इतिहासात आपले नाशिकही येते.

एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कुत्र्यांच्या पिल्लांना मुख्यतः धान्याच्या आहारावर ठेवले. पिल्लांना मुडदूस झाला, पाय वाकले. आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले की मुडदूस टळे. हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोष आहाराचा, असे त्यांचे मत होते.

नाशिकला हचिसन आणि शाह यांना वेगळेच दिसले. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतील बाळांना मुडदूस होता. निकृष्ट खाऊनही उन्हात वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो विरळा होता. त्यांचा लेख १९२२ मध्ये आला. मग खरे कोण?

दोघेही! आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते माशाच्या तेलात असते आणि उन्हामुळे माणसाच्या त्वचेतही तयार होते.

मेलनबींना आणखी एक कोडे पडले होते. ओटमध्ये मैद्यापेक्षा कॅल्शियम जास्त, तरी ओट खाणाऱ्या पिल्लांचा मुडदूस अधिक तीव्र! १९३९ मध्ये उलगडा झाला: ओटमधील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. मग ते शोषले न जाता विष्ठेवाटे निघून जाते. जस्त आणि लोहाचेही असेच होते. ज्वारी-बाजरीतही हे आम्ल असते. पीठ आंबवले, उदाहरणार्थ आंबिलीसाठी, की ते काही प्रमाणात तुटते.

मग मराठवाड्याचे ऊन कुत्र्याला तारील का? नाही. कुत्र्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. त्याला ते अन्नातूनच मिळाले पाहिजे. नाशिकच्या मुलांना लागू पडलेले उत्तर पिल्लाला लागू पडत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या भरमसाट देणे हाही उपाय नव्हे. जादा कॅल्शियममुळे जस्ताचे शोषण घटते आणि मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडे बिघडू शकतात.

अन्नघटकांचा तक्ता शिकवताना वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: ताटात किती आहे हे कळले, पण त्यातले अंगी किती लागते?